कोंबडा, बैल आणि दाई

मी अक्षरं शिकलो ती पाटीवर नव्हे, मध्य रेल्वेच्या भिंतींवर. आम्ही दादरला राहत होतो आणि माझी सख्खी आत्या खालापूर तालुक्यात, महडजवळच्या एका खेड्यात. मे महिन्याची सुट्टी लागली की तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, मला न्यायला यायचे. गृहस्थ प्राथमिक शाळेत मास्तर. त्यामुळे प्रवास म्हणजे फिरती शाळाच. दादर सुटलं रे सुटलं की "वाच बघू बाहेर काय लिहिलंय ते" असा हुकूम व्हायचा. आणि रुळांलगतच्या भिंतींवर त्या काळी (आणि नंतरही पुष्कळ वर्षं) एकाच विषयाचं वाङ्मय असे.

"नि-रा-श हो-ऊ न-का," मी खिडकीच्या गजांना नाक लावून वाचलं.

"शाब्बास," आतोबा म्हणाले.

पुढची भिंत आली. "गु-प्त रो-ग." समोरच्या बाकावरचे दोघेजण एकाच वर्तमानपत्रात शिरले. "आतोबा, गुप्तरोग म्हणजे काय?"

आतोबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली. "तो धडा पुढच्या इयत्तेत आहे," ते म्हणाले.

पुढच्या सगळ्या इयत्ता मी पास झालो. धडा काही आला नाही. एकदा शास्त्राच्या पुस्तकात त्या विषयाचं एक पान आलं होतं, पण आमच्या सरांनी "हे घरी वाचून घ्या" म्हणून दोन पानं एकदम उलटली. घरी ते वाचण्याची सोय असती तर शाळेत कशाला गेलो असतो? तेव्हा पेन्शनीत निघाल्यावर, कुणाची परवानगी घ्यायची राहिली नाही तेव्हा, तो धडा मी माझा मीच वाचला. वृषण या अवयवाचा इतिहास. वाचकांपैकी ज्यांना वर्तमानपत्रात शिरायचं असेल त्यांनी आत्ताच शिरावं.

शब्द आधी पाहा किती घरंदाज आहे. वृषण, वृषभ आणि वर्षा ही तिन्ही 'वृष्' या एकाच धातूची लेकरं. वृष् म्हणजे वर्षाव करणे. खालापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत जो वर्षाव होतो तो पाहिलेल्या माणसाला या नात्यात काही वावगं वाटू नये.

वृषभाच्या बाबतीत गावात ज्ञान पक्कं होतं. खोंड नांगराला धरायचा तर आधी तो बडवावा लागतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पूर्वी हे काम दगडालाकडाने व्हायचं. त्याचं वर्णन मी करणार नाही. पुढे गुरांच्या दवाखान्यातून चिमटा आला. भला मोठा लोखंडी चिमटा, कातडी न फाडता आतली नस दाबून टाकणारा. बुर्डिझो नावाच्या इटालियनाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो काढला. चिमटा लागला की मोजून काही क्षणांत एका उग्र प्राण्याचा सोशिक कारकून होतो. आम्ही पोरं कुंपणावर बसून पाहायचो. म्हणजे या अवयवाचं काम काय, तो बिघडला की काय होतं, याबद्दल बैलापुरती कुणाचीच शंका नव्हती. माणसाचा विषय निघाला की मात्र सारं गाव अडाणी होऊन बसायचं.

यात गावाला तरी का हसा? खुद्द ॲरिस्टॉटल. एवढा मोठा तत्त्वज्ञ, अलेक्झांडरचा गुरू. त्यालाही खच्ची केलेल्या प्राण्यांचं सगळं ठाऊक होतं, पण त्याने निष्कर्ष काय काढला, तर वृषण ही नुसती वजनं आहेत. मागावर विणताना बायका धाग्यांना खाली दगड बांधतात ना, तसे हे दगड; वरच्या नळ्या ताणून धरायला. हे वाचलं तेव्हा मला ॲरिस्टॉटलविषयी एकदम आपलेपणा वाटला.

आपल्याकडच्या वैद्यांनी वजनबिजन काही म्हटलं नाही. त्यांचा मामला सरळ. ज्याची उणीव असेल ते खावं. सुश्रुतसंहितेत बोकडाचे वृषण दुधात शिजवून घ्यायला सांगितले आहेत. ही परंपरा तुटलेली नाही. कुठल्याही बाजारात मटणाच्या दुकानी उभे राहा. खिमा, कलेजी, चाप यांची मागणी खणखणीत आवाजात होते. मध्येच एखादा भारदस्त गृहस्थ काउंटरवर वाकतो आणि दागिना गहाण ठेवायला आल्यासारखा पुटपुटतो, "कपुरे आहेत का?"

शास्त्राच्या बाजूने पहिलं शहाणपणाचं पाऊल टाकलं ते कोंबड्यांनी. जर्मनीत गटिंगेनला बर्टोल्ड नावाचे प्राध्यापक होते. १८४९ साली त्यांनी सहा कोंबडे घेतले. काहींचे वृषण काढून टाकले. त्यांचे तुरे सुकले, आरवणं गेलं, भांडणं गेली, कोंबडीकडे बघणंही गेलं. बाकीच्यांचे वृषण काढले पण त्यांच्या पोटात दुसरीकडेच नेऊन ठेवले. नसा सगळ्या तुटलेल्या. तरी हे कोंबडे राजरोस आरवत राहिले, तुरा लालभडक. याचा अर्थ तिथून काहीतरी रक्तात मिसळतं आणि अंगभर फिरतं. सहा कोंबडे आणि इनमिन चार पानांचा निबंध. पण अंतःस्रावांचं अख्खं शास्त्र तिथून सुरू झालं असं मानतात. लोकांनी मात्र पन्नासेक वर्षं तिकडे ढुंकून पाहिलं नाही. शहाणपणाची गोष्ट चार पानांत सांगितली की असंच होतं; चारशे पानं लिहायला हवी होती.

लोकांनी पाहिलं ते १८८९ साली पॅरिसकडे. ब्राउन-सेकार हे नावाजलेले शरीरशास्त्रज्ञ, वय ७२. त्यांनी कुत्र्याच्या आणि गिनिपिगच्या वृषणांचा अर्क काढून स्वतःलाच टोचून घेतला, आणि विद्वानांच्या सभेत उभं राहून जाहीर केलं की आपण तरुण झालो. जिने भराभर चढतो, रात्री उशिरापर्यंत काम करतो, इतकंच काय, लघवीची धारसुद्धा पूर्वीपेक्षा लांब जाते, आणि हे मोजून पाहिलेलं आहे. पट्टी कोणी धरली होती ते इतिहासात नाही. आज आपल्याला माहीत आहे की त्या पाण्यातल्या अर्कात औषधापुरतंही द्रव्य उतरत नाही. जे झालं ते सगळं मनाचं. पण जगभरातल्या म्हाताऱ्यांची रांग लागली. पाठोपाठ १९२० साली, पॅरिसमध्येच, व्होरोनॉफ नावाच्या सर्जनने माकडाच्या वृषणाच्या चकत्या माणसांच्या अंगात बसवायला सुरुवात केली आणि खोऱ्याने पैसा ओढला. पुढेपुढे पुरवठा कमी पडायला नको म्हणून माकडांचा मळाच काढला. माथेरानची माकडं एवढी अरेरावी का करतात हे मला कळत नसे. आता वाटतं, त्या धंद्यातून सुटल्याचा आनंद असावा.

खरं द्रव्य सापडायला पोलीस लागले. १९३१ साली बुटेनांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बर्लिनच्या पोलिसांची सुमारे १५,००० लिटर लघवी गोळा केली आणि आटवून आटवून त्यातून १५ मिलिग्रॅम पुरुषी द्रव्य मिळवलं. चिमूटभरसुद्धा नाही. १९३५ साली बैलाच्या वृषणातून टेस्टोस्टेरॉन हाती लागलं आणि १९३९ सालचं नोबेल त्या शास्त्राकडे आलं. एवढा सगळा पुरुषार्थ, पण तो वजन केला तर तांदळाच्या दाण्याइतका भरेना.

इथपर्यंतचा इतिहास हा जोराचा, ताकदीचा, आरवण्याचा इतिहास आहे. भिंतीवरच्या वाङ्मयातही तेवढाच येतो. आमच्या आत्याच्या घरात तो वेगळ्या तऱ्हेने आला, म्हणून जरा तिकडे वळतो.

आत्याचं लग्न १९५७ सालचं. दोन वर्षं झाली, चार झाली, पाळणा हलेना. महडचा वरदविनायक हाकेच्या अंतरावर. अष्टविनायकांतला हा गणपती. पेशव्यांचे सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी १७२५ साली देऊळ बांधलं, आणि आतला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतो आहे. माघी चतुर्थीच्या उत्सवात प्रसादाचा नारळ मिळाला आणि तो खाल्ला की मुलगा होतो अशी श्रद्धा. आत्याने किती नारळ खाल्ले त्याचा हिशेब तिच्या सासूकडे होता. सोळा सोमवार झाले, वडाला सूत झालं, कुणाकुणाचे अंगारे झाले, खोपोलीच्या एका काढेवाल्याचे काढे झाले. सगळं आत्याने गिळलं. एक तरी नारळ आतोबांना खाऊ घालावा, असं बारा वर्षांत कुणाला सुचलं नाही.

सासूने एकदा दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढली. आमचे वडील वकिलाकडे कारकून. ते म्हणाले, "तसं आता करता येत नाही. मुंबई इलाख्यात १९४६ सालीच बंदी झाली, आणि १९५५ च्या कायद्याने तर अख्ख्या देशात."

"कायदा काय माझ्या नातवाला खेळवायला येणार आहे?" सासू म्हणाली. आत्या तिथेच तांदूळ निवडत होती. मी आठ वर्षांचा होतो. मला आठवतं ते इतकंच की तिने एक खडा काढला आणि तो टाकायचा विसरून बराच वेळ हातात धरून बसली.

मग १९६६ साली आत्याला मुंबईला आणलं. एका इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि सांगितलं, "हिच्यात काही दोष दिसत नाही. आता यजमानांची तपासणी करू." आतोबा आमच्या दादरच्या खोलीत सुपारी कातरत बसले होते. वडिलांनी आडवळणाने निरोप सांगितला. अडकित्ता थांबला.

"मी काय बैल आहे?" आतोबा म्हणाले, आणि संध्याकाळच्या गाडीने आत्याला घेऊन परत गेले.

आता ज्या माणसाची ओळख करून द्यायची तो १८६५ सालचा. म्हणजे बर्टोल्डच्या कोंबड्यांनंतर सोळा वर्षांनी आणि ब्राउन-सेकारच्या धारेआधी चोवीस वर्षं. एन्रिको सेर्तोली, इटालियन, वय २३. पावियाला विद्यार्थी असताना त्याने सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या वृषणातल्या बारीक नळ्या पाहिल्या. या नळ्या एकापुढे एक मांडल्या तर काही शे मीटर भरतील. एवढं सूत त्या लहानशा गुंडीत बसवलेलं असतं. नळीच्या भिंतीला धरून उभ्या असलेल्या, झाडासारख्या फांद्या फुटलेल्या पेशी त्याला दिसल्या. शुक्रजंतू त्यांच्या फांद्यांत बिलगून बसलेले. सेर्तोलीने बापडेपणाने नाव दिलं, 'फांद्यांच्या पेशी'. पुढे लोक त्यांना दाया म्हणू लागले, कारण काम तेच. हा सेर्तोली नंतर मिलानच्या पशुवैद्यक शाळेत शिकवत होता. एका इटालियनाने दाई शोधली आणि दुसऱ्याने चिमटा, हा इटलीचा समतोल म्हणायचा.

दाईचं काम ऐका. शुक्रजंतू ज्यांच्यापासून होतात त्या मूळपेशी नळीच्या भिंतीशी दाईच्या पायाशी बसलेल्या असतात. एकेक दाई तीस-तीस, पन्नास-पन्नास पोरं एका वेळी सांभाळते. त्यांना खाऊ घालते, उष्टं काढते, मेलेल्यांची विल्हेवाट लावते, हळूहळू भिंतीपासून मधल्या पोकळीकडे सरकवत नेते. शेजारच्या दाईच्या हातात हात घालून असा पडदा धरते की रक्तातला परका पहारेकरी आत येऊ नये. कारण ही पोरं शरीराच्या दृष्टीने परकीच, दिसली तर तो मारून टाकील. मूळपेशीपासून शुक्रजंतू व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. म्हणजे आमच्या कर्जतच्या हळव्या भातापेक्षाही लवकर पीक येतं, पण उठल्याबसल्या येत नाही. आणि दायांची संख्या साधारण वयात येईपर्यंत वाढते ती वाढते. नंतर नवी भरती नाही.

बरं, ही दाई मुकी नाही. ती निरोप पाठवते आणि निरोप घेते, आणि ते निरोप म्हणजे प्रथिनं. वाढीचा निरोप देणाऱ्या प्रथिनांची पहिली ओळख जगाला झाली ती भलतीकडेच, रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या बाईंच्या झोपायच्या खोलीत. ज्यू म्हणून इटलीत विद्यापीठाची दारं बंद झाली, तेव्हा दुसऱ्या महायुद्धात तुरीनला घरीच कोंबडीच्या अंड्यांवर त्यांनी प्रयोग केले. उरलेल्या अंड्यांचं ऑम्लेट व्हायचं. (इटालियन तिसरी. आणि पुन्हा कोंबडी.) पुढे अमेरिकेत स्टॅनले कोहेन यांच्याबरोबर त्यांनी मज्जातंतू वाढवणारं प्रथिन गाठलं आणि १९८६ साली दोघांना नोबेल मिळालं.

या निरोपांतला दाईचा खास निरोप म्हणजे जी-डी-एन-एफ नावाचं प्रथिन. ते १९९३ साली सापडलं मेंदूच्या कामात. मेंदूतल्या काही पेशींना ते जगवतं म्हणून कंपवातावर उपयोग होईल अशी आशा होती. आणि २००० साली फिनलंडच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की हेच प्रथिन वृषणातल्या दाया तयार करतात आणि पायाशी बसलेल्या मूळपेशींना देतात. मेंदूला आणि या अवयवाला एकच खुराक लागतो हे कळल्यावर पुरुषांची अक्कल कुठे असते याबद्दल बायकांचं जे जुनं मत आहे ते अगदीच निराधार नाही असं म्हणावं लागेल.

पण गंमत त्या प्रयोगातल्या प्रमाणाची आहे. प्रथिन कमी पडलं की मूळपेशी सगळ्याच्या सगळ्या मोठ्या व्हायला धावतात. शुक्रजंतू होतात, पण मागे बियाण्याला कुणी उरत नाही, आणि काही काळाने नळी रिकामी. प्रथिन जास्त झालं की उलटं: मूळपेशींचेच ढीग साचतात, मोठं कुणी होतच नाही. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र १९१९ पासून आहे. 'कर्जत १८४' हा वाण तिथलाच. तिथे जायची गरज नाही, कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. युरियाचा हात सैल सुटला की भात कसं हिरवंगार माजतं, आडवं लोळतं आणि लोंबीत दाणे पोचट निघतात. हात आखडला तर रोपच खुरटतं. दाईला हा हात बरोबर ठेवावा लागतो, दिवसरात्र, माणसाच्या साऱ्या उमेदीभर. जोर, ताकद, आरवणं हे सगळं बाहेरचं. आत चाललेलं असतं ते संगोपन.

यात आपल्या परळचाही एक अध्याय आहे. दाई वर मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीलाही निरोप पाठवते: "पुरे, आता हुकूम कमी सोड." त्या निरोप्याला इन्हिबिन हे नाव १९३२ सालीच देऊन ठेवलेलं होतं, माणूस मात्र सापडत नव्हता. परळच्या 'इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन'मध्ये डॉ. अनिल शेठ आणि त्यांचे सहकारी त्याच्या मागावर होते. १९८४ साली कॅनडाच्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी वीर्यातून ९४ दुव्यांचं एक प्रथिन काढून त्याची साखळी मांडून दाखवली, आणि त्याचं काम इन्हिबिनसारखं दिसतं असं लिहिलं. पुढच्याच वर्षी परदेशांतल्या प्रयोगशाळांनी गाई-डुकरांच्या अंडाशयातल्या द्रवातून खरं इन्हिबिन काढलं. ते निराळंच निघालं. वाढीच्या प्रथिनांच्याच एका मोठ्या कुळातलं. परळचं प्रथिन दाईचं नव्हे, शेजारच्या प्रोस्टेट ग्रंथीचं ठरलं. आता कुणी म्हणेल, फसले. मला तसं वाटत नाही. ज्याला शोधायला गेले तो भेटला नाही, पण भेटला तोही खरा माणूस होता. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या अभ्यासात त्या प्रथिनाला पुढे चांगलं काम मिळालं. लोकलमध्ये आपला मित्र समजून आपण ज्याच्या पाठीवर थाप मारतो त्याच्याशीही कधी कधी जन्माची ओळख होते.

आणि मुंबईतच, याच्याही कितीतरी आधी, रघुनाथ धोंडो कर्वे हे सगळं मराठीत, न पुटपुटता, लिहीत होते. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी काढलं तेही त्याच साली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी गेली, खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले, आणि तरी दंड झालाच. आतोबांच्या शाळेच्या कपाटात 'समाजस्वास्थ्य'चा एखादा अंक असता तर काय झालं असतं, असं माझ्या मनात येतं. काही झालं नसतं. कपाटाची किल्ली आतोबांकडेच होती.

आता १९७६. आणीबाणीचं वर्ष. नसबंदीचा जोर होता. महाराष्ट्रात तर तीन मुलांनंतर सक्तीचं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. मास्तर, ग्रामसेवक, तलाठी यांना 'केसेस' आणायचे आकडे ठरवून दिलेले. केस नाही तर पगाराची खात्री नाही. आतोबांना पाच केसेस आणायच्या होत्या. विचार करा. ज्यांच्या घरात पाळणा हलला नाही त्या माणसाने दारोदार जाऊन सांगायचं, "आता पुरे करा." चार मिळाल्या. पाचवी मिळेना. लोक मास्तर दिसला की भाताच्या खाचरात उतरायचे.

शेवटच्या दिवशी आतोबा कॅम्पात गेले, टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मला घ्या."

टेबलामागच्या माणसाने फॉर्म ओढला. नाव. वय. जिवंत मुलं किती?

"नाहीत."

"मग तुम्हाला घेता येणार नाही, गुरुजी. निदान दोन लागतात."

"घ्या हो," आतोबा म्हणाले. "तसंही माझ्याकडून काही होण्यासारखं नाही. निदान आकडा तरी भरेल."

वीस वर्षं जे वाक्य त्यांनी घरात उच्चारलं नव्हतं ते त्यांनी ओळीत उभ्या असलेल्या सतरा माणसांसमोर, फॉर्म भरताना, म्हटलं. त्यांना घेतलं नाहीच. ते घरी पोचायच्या आत वाक्य गावात पोचलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि सुट्टीला तिथेच होतो. आत्याने ऐकलं, ओटीवरची केरसुणी उचलली, अंगण झाडून काढलं. सकाळीच झाडलेलं होतं ते. रात्री तिने आतोबांना नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त वाढली. बोललं कुणी काही नाही. सासू त्या दिवसापासून नारळाचं नाव काढेनाशी झाली. आत्या मात्र महडला जातच राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "गणपतीशी माझी दुसरीही बोलणी असतात."

यानंतर तेहेतीस वर्षं गेली. २००९ साली माझी धाकटी मुलगी प्राणिशास्त्र घेऊन एम. एस्सी. करत होती आणि तिने प्रकल्पाला विषय घेतला होता हाच: दाया, मूळपेशी आणि त्यांची प्रथिनं. आम्ही आत्याकडे गेलो होतो. आतोबा ७६ वर्षांचे, दृष्टी अधू, पण मास्तरकी शाबूत. "काय शिकतेस?" त्यांनी विचारलं. मी घाईघाईने म्हणालो, "आहे काहीतरी पेशीबिशींचं." पण ही आजची पिढी. तिने ओटीवर बसून, सुपारीचे खांड मांडून, आजोबांना सगळं सांगितलं. दाई, पायाशी बसलेली मूळपेशी, प्रथिनाचं प्रमाण, युरिया, ७४ दिवस. जपानमध्ये आणि अमेरिकेत २००३-०४ च्या सुमाराला या मूळपेशी बशीत, नुसत्या प्रथिनांच्या खुराकावर, वाढवून दाखवल्या हेही सांगितलं. उंदराच्या, माणसाच्या नव्हे. कर्करोगाची औषधं घ्यावी लागणाऱ्या लहान मुलग्यांचा वृषणाचा तुकडा पुढच्या आशेवर गोठवून ठेवतात, तेही.

आतोबा वर्गातल्या हुशार मुलासारखे ऐकत होते. मग म्हणाले, "गालगुंडाचा आणि याचा काही संबंध असतो का गं?"

"असतो. वयात आल्यावर गालगुंड झालं तर कधी कधी तिथेही सूज येते. आतल्या गोळ्याचं कवच ताठ असतं, ताणत नाही. सुजेला जागा मिळत नाही, मग नळ्या चेपून सुकतात. बहुतेकदा एकाच बाजूला होतं, मग दुसरी बाजू काम करते. दोन्हीकडे झालं तर..." ती थांबली. तिच्या लक्षात आलं असावं.

"दोन्हीकडे," आतोबा म्हणाले. "१९ वर्षांचा होतो. ट्रेनिंग कॉलेजात. आईने गालाला लेप लावला. बाकीचं कुणाला दाखवायचं?" त्यांनी एक खांड उचललं, चाचपलं, परत जागेवर ठेवलं. "मग त्यात दाया गेल्या, की मूळपेशी?"

"ते आता सांगता यायचं नाही, आजोबा. दोघींनाही धक्का बसला असेल."

आतोबा माझ्याकडे वळले. "तू एकदा गाडीत विचारलं होतंस मला," ते म्हणाले. मला वाटलं होतं ते विसरले असतील. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि अंगणाकडे पाहत, कुणालाच उद्देशून नाही असं, म्हणाले, "म्हणजे ५२ सालीच झालं होतं. लग्नाच्या आधीच. आणि मला ते ठाऊक होतं की नव्हतं, हेही मला नीट सांगता येत नाही."

"मला ७६ साली कळलं," आत्या आतून म्हणाली. "पानं घेतली आहेत. हात धुऊन या."